चंद्रीचा गुडघा

कळंबा, कोल्हापूर
रविवार, रात्र

सच्या,

पिटबुल जातीचं कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं म्हणतोयस, तो तुझा मेसेज वाचून लगेच दोन ओळी टाकणार होतो, पण म्हटलं नको, तुझ्या घरात आरूसारखं लहान लेकरू आहे, नीट बसून लिहावं. पिल्लू विकणाऱ्यानं तुला सांगितलं ना, "पिटबुल लई शांत, पोरांनी कान ओढू दे, अंगावर पडू दे, काय करत नाही, त्याला दुखतच नाही," यातलं पहिलं बऱ्यापैकी खरं आहे भावा, पण शेवटचं साफ खोटं आहे, आणि त्याच खोट्यावर मीपण विश्वास ठेवला म्हणून माझी पिटबुल चंद्री तीन आठवडे तुटक्या गुडघ्यावर रंकाळ्याला चकरा मारत होती.

चंद्री तू अजून बघितलेली नाहीस. कागलकडच्या एका शेतावर साखळीला होती, राखाडी अंग, छातीवर पांढरा ठिपका, कान कुणीतरी घरीच ब्लेडनं कापलेले. आणली त्या दिवशी गळ्यात साखळी रुतून झालेली जखम डॉक्टर साफ करत होते आणि मी लांब उभा, ही मात्र त्यांचं मनगट चाटत होती. आई दोन दिवस स्वयंपाकघराचं दार लावून बसली. तिसऱ्या दिवशी बघतो तर चंद्री उंबऱ्याच्या अलीकडं हनुवटी टेकून पडलेली आणि आई आतून भाकरीचा तुकडा मोडून टाकतेय. आता टीव्ही बघताना तिचं डोकं आईच्या मांडीवरच असतंय. त्यामुळं पिटबुलचा मायाळूपणा मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

आता गुडघ्याचं सांगतो. गेल्या महिन्यात ती बसताना मागचा उजवा पाय बाहेर टाकून बसायला लागली. उभी राहिली की त्याच पायाची फक्त बोटं टेकायची. खाणं जोरात, शेपूट हलतीय, बॉल टाकला की पळतीय, मग मला वाटलं झोपून आखडला असेल. शेवटी जिना चढताना थांबायला लागली तेव्हा नेली. डॉक्टरांनी गुडघा धरून थोडा हलवला. ओरडणं नाही, गुरगुरणं नाही, फक्त धापा टाकत होती ते एकदम बंद झालं, तोंड मिटलं, कान मागं गेले आणि तिनं ओठ चाटले. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, दुखतंय तिला, ही एवढंच सांगणार." गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून धरणारा पट्टा, तुटलेलं. मला तिथं रडू आलं सच्या, कारण हे सगळं तिनं मला घरी दाखवलं असणार आणि मी किंकाळीची वाट बघत बसलो.

शेजारचे अण्णा तरुणपणी तालमीत होते, खासबागेत कुस्त्या केलेत, त्यांना सांगितलं तर म्हणाले, पैलवानाचा खांदा निखळला तरी मैदानात हूं की चूं करत नाही, पण रात्री कूस बदलताना घरच्यांना कळतंय. मला हे एकदम पटलं.

मग मी वाचत बसलो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ साली छापलेला अभ्यास आहे, दहा जातींची १४९ कुत्री, त्यात पिटबुलपण होती, मागच्या पंजावर हळूहळू दाब द्यायचा, कोमट-गरम टोक लावायचं आणि कुत्र्यानं पाय काढला की लगेच थांबायचं. जातीजातीत फरक निघाला, पण कुठली जात जास्त सोसते याबद्दल खुद्द जनावरांच्या डॉक्टरांचे जे अंदाज होते त्याच्याशी तो जुळला नाही. म्हणजे डॉक्टरांचापण समज चुकतोय, तिथं पिल्लू विकणाऱ्याचं काय घेऊन बसलास!

पिटबुलवर हा "दुखतच नाही"चा शिक्का कुठनं बसला तेपण बघ. इंग्लंडात बैलावर कुत्री सोडायचा खेळ १८३५ च्या कायद्यानं बंद झाला, मग लोकांनी बुलडॉग आणि टेरियरच्या संकरातली कुत्री एकमेकांशी झुंजवली, पिटबुल त्यांच्याच वंशातले. जखमी झालं तरी मागं न हटणारं कुत्रं त्यांना पायजे होतं. मागं न हटणं वेगळं आणि न दुखणं वेगळं, हे कोल्हापूरकराला समजवायला नको. अमेरिकेत २००७ साली मायकल विक या फुटबॉलपटूच्या जागेतनं अशी झुंजीची पन्नासेक कुत्री सोडवली, त्यातलं आक्रमक म्हणून एकच मारायला लागलं, बाकीची बहुतेक घरात नाहीतर आश्रमात जगली.

पण तुला फसवणार नाही. लखनौला २०२२ साली घरातल्याच पिटबुलनं ८२ वर्षांच्या आजीचा जीव घेतला. जबडा मोठा, ताकद प्रचंड, चावला तर नुसतं खरचटून भागत नाही. केंद्रानं मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदी घालायचं पत्र राज्यांना काढलं, कर्नाटक हायकोर्टानं एप्रिलमध्ये ते रद्द केलं, त्यामुळं घ्यायच्या आधी तुमच्या महापालिकेचे नियम विचार. आणि नुसत्या जातीवरनं स्वभाव ठरव असं मी कधीच म्हणणार नाही, २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळं निघाला. चंद्री माणसांत लोणी आहे, पण दुसरी कुत्री दिसली की मी पट्टा दोन्ही हातांनी धरतो.

मला काळजी आरूची आहे. दुखणं गिळणारं कुत्रं आणि चार वर्षांचं पोर, पोर त्याच दुखऱ्या पायावर बसलं तर? कुत्र्यानं ओठ चाटले, मान फिरवली, बाजूला सरकलं, एवढंच सांगणं असतंय त्याचं, आणि ते मोठ्या माणसाला दिसायला पायजे. म्हणून दोघांना एकटं ठेवायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही, आणि हे लॅब्राडॉर असला तरी तसंच. कान कापलेलं पिल्लू घेऊ नको, तुझ्या पैशावर पुढच्या पिल्लाचे कान कापतात. लंगडलं तर घरातली आयब्युप्रोफेन वगैरे देऊ नको, पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते, डॉक्टर सांगतील तीच गोळी. शक्य असेल तर पिल्लू नको, सोडून दिलेलं मोठं कुत्रं घे, त्याचा स्वभाव आधी चार वेळा जाऊन बघता येतो.

चंद्रीचं ऑपरेशन झालंय, टाके गुरुवारी निघतील. जिना बंद, उडी बंद, म्हणून मीपण खाली सतरंजीवर झोपतोय. मघाशी कूस बदलताना पाय दुमडला, डोळे उघडले, ओठ चाटले, आवाज काही नाही. आईची जुनी उशी पायाखाली सरकवली, थोड्या वेळानं घोरायला लागली, तेव्हा पत्र लिहायला घेतलं. दिवाळीत आरूला घेऊन ये, तोपर्यंत ती चालायला लागेल.

तुझा,
विन्या