सर्व्हर वाढवण्याआधी इंडेक्स पाहा

संपादक महोदय,

मार्चअखेर आली की करभरण्याची संकेतस्थळे रखडतात आणि ‘सर्व्हर वाढवा’ची ओरड सुरू होते. वागळे इस्टेटपासून महापे-ऐरोलीपर्यंत अशी सॉफ्टवेअर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी खर्चाची फाईल पुढे सरकवण्याआधी डेटाबेसच्या इंडेक्समधला, म्हणजे नोंदी चटकन शोधण्यासाठी क्रमाने लावलेल्या सूचीमधला, कॉलमांचा (रकान्यांचा) क्रम तपासावा.

समजा, ठाण्यातल्या नौपाडा प्रभागाच्या 1 एप्रिल ते 30 जूनच्या पावत्या हव्या आहेत. इंडेक्स (तारीख, प्रभाग) असेल, तर कळवा, मुंब्रा, दिवा अशा सगळ्यांच्याच तीन महिन्यांच्या नोंदी चाळल्या जातात. (प्रभाग, तारीख) असेल, तर नौपाड्याच्या नोंदी सलग मिळतात: 1 एप्रिलवर उतरायचे, जून संपला की थांबायचे. थोडक्यात, ‘बरोबर’ची अट असलेला कॉलम आधी, ‘पासून-पर्यंत’चा (रेंजचा) नंतर. तिसरा कॉलम रकमेचा जोडून ‘दहा हजारांवर’ अशी दुसरी रेंज लावली, तरी वाचायचा पट्टा फारसा आखडत नाही. रकमा एकेका तारखेच्या आतच क्रमाने असतात. नको असलेली नोंद मूळ टेबलापर्यंत न जाता गाळली जाते, इतकाच फायदा.

क्रम बरोबर असूनही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) घात करते. तारखेतून वर्ष काढून तपासणारे ‘इयर(तारीख) = 2024’ लिहिले की साध्या इंडेक्सला ती रेंज कळतच नाही. तारखेसोबत वेळही साठवत असाल तर ‘बिटवीन 1 एप्रिल आणि 30 जून’ टाळा, कारण त्यात ‘30 जून’ म्हणजे त्या दिवसाची सुरुवात धरली जाते. 30 जूनला मध्यरात्रीनंतर फाडलेल्या पावत्या, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस, गळतो. ‘1 एप्रिल किंवा नंतर, आणि 1 जुलैच्या आधी’ असेच लिहावे.

अंदाजावर न जाता, क्वेरी प्रत्यक्ष कशी चालली ते दाखवणारे ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ चालवावे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तारखेची अट ‘इंडेक्स कंड’ (इंडेक्सवर तपासलेली अट) या शीर्षकाखाली दिसायला हवी. ती ‘फिल्टर’खाली असेल आणि ‘रोज रिमूव्हड बाय फिल्टर’चा (वाचून गाळलेल्या ओळींचा) आकडा फुगलेला असेल, तर त्या अटीला इंडेक्सचा उपयोग होत नाही असे समजायला हरकत नाही; मात्र क्रम चुकला तरी ती ‘इंडेक्स कंड’खालीच दिसू शकते.

नवा इंडेक्स झाला म्हणून जुना लगेच काढू नये. शहरभराचा रोजचा गोषवारा फक्त तारखेवर निघत असेल, तर त्याला तारखेपासून सुरू होणारा इंडेक्स लागतोच. मात्र प्रत्येक इंडेक्स पावती नोंदवण्याचे काम वाढवतो, म्हणून हौसेने पाच-सहा बांधू नयेत. पोस्टग्रेसच्या चालू टेबलावर इंडेक्स बांधताना ‘कन्करंटली’ लिहायला विसरू नये. नाहीतर तो पूर्ण होईपर्यंत नव्या पावत्या अडून राहतील.

– एक डेटाबेस प्रशासक, ऐरोली