शिंगर मशीनच्या गावातल्या आजींना

प्रिय आजी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच बजावलंत, "माझं एकटीचं काय त्यात, अख्खं गाव होतं ते." पत्र मराठीत लिहितेय, कारण ज्या मशीनमुळे मी तुमच्यापर्यंत पोचले ते आजही चालवणारी माझी आई कोल्हापुरात बसून ते वाचणार आहे. तुम्हाला मी शनिवारी समोर बसून अर्थ सांगेन.

ऑक्टोबरात ग्लासगोहून गाडीने तुमच्या क्लाइडबँकला आले आणि 'सिंगर' नावाच्या स्टेशनावर उतरले. स्टेशनाला शिलाई मशीनच्या कारखान्याचं नाव आहे, पण कारखाना कुठेच नाही. माझ्या फोनमध्ये एक फोटो होता: आमच्या आजीच्या हातमशीनवरचा नंबर, सुरुवातीला 'वाय' हे अक्षर. आमच्याकडे त्याला शिंगर मशीनच म्हणतात. परकर-पोलकी, शाळेचे गणवेश, शेजारणींच्या चोळ्या, सगळं त्याच्यावर शिवलं गेलं. ते बनलं कुठे एवढंच मला बघायचं होतं. टाउन हॉलमधल्या संग्रहालयात मशीनच्या रांगांपुढे मी फोटो धरून उभी होते, तेव्हा तुम्ही मागून येऊन म्हणालात, "हे इथलंच. पण माझ्या हातचं नव्हे, माझ्या आईच्या काळातलं." मग खुर्ची ओढलीत. त्यानंतरचे तीन शनिवार तुम्ही मला दिलेत.

एका मशीनची चौकशी करायला आलेल्या परक्या मुलीला तुम्ही गाव दाखवलंत, आजी. नुसतं उभं असलेलं नव्हे, नाहीसं झालेलंसुद्धा.

किलबोवीच्या चढावर तुम्ही मला बघायला शिकवलंत. जुन्या दगडी इमारतींच्या ओळीत मध्येच नवं घर दिसलं की थांबायचं. "तिथे काय होतं, ते विचार." रॅडनॉर पार्क, सेकंड अ‍ॅव्हेन्यू. प्रत्येक ठिकाणी तुम्ही थांबलात, मीही थांबले. १३ आणि १४ मार्च १९४१ अशा लागोपाठ दोन रात्री जर्मन विमानं आली. पहिल्या रात्री भोंगा वाजला तेव्हा नऊ वाजत आले होते. मी नंतर पंचांग पाहिलं. ती फाल्गुनी पौर्णिमा होती, आमच्याकडे होळीचे दिवस. त्याच चांदण्यात इथे क्लाइड नदी आणि कालवा वरून लख्ख दिसत होते. सिंगरच्या लाकडाच्या वखारीवर आगीचे बाँब पडले आणि वखार पेटली. त्या उजेडात बाकीचं गाव उघडं पडलं. मशीनच्या टेबलांसाठी, झाकणांसाठी साठवलेलं लाकूड होतं ते. आमच्या मशीनवरचं गोल पाठीचं लाकडी झाकण मी लहानपणापासून उचलतेय. आता ते हातात घेतलं की ती वखार आठवते.

आकडे तुम्ही सावकाश सांगितलेत, जणू प्रत्येक आकड्याला बसायला जागा करून देत होतात. क्लाइडबँकमध्ये ५२८ माणसं गेली. सुमारे १२,००० घरांपैकी धक्का न लागलेली दहासुद्धा उरली नाहीत. ३५,००० लोक बेघर झाले. आणि सुरुवातीला वर्तमानपत्रांत गावाचं नावही नव्हतं, युद्धकाळातली सेन्सॉरशिप होती. हे सांगताना तुमचा आवाज चढला. चौऱ्याऐंशी वर्षांनीही चढला, आणि मला ते योग्यच वाटलं.

तुम्ही सात वर्षांच्या होतात. "भीती वाटली असेल ना?" असं मी विचारलं. तो प्रश्न तुम्ही बाजूला ठेवलात आणि जिन्याची गोष्ट सांगितलीत. तुमची इमारत आमच्या चाळीसारखीच: एक सामाईक जिना, मजल्यामजल्यावर बिऱ्हाडं, आणि जिना धुण्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकायची. पहिल्या रात्रीनंतर सकाळी बाहेर आलात तर छप्पर नव्हतं, खिडक्या नव्हत्या, तोंडात चुन्याची धूळ. लोक गाव सोडून निघाले होते. आणि तुमच्या आईने बादली घेतली, जिना वरपासून खालपर्यंत धुतला, मगच तुम्हाला घेऊन बसकडे निघाली. त्या आठवड्याची पाळी तिची होती.

ही गोष्ट मी त्याच रात्री आईला फोनवर सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "मीपण धुतला असता."

व्हेल ऑफ लेव्हनमधल्या एका चर्चच्या सभागृहात जमिनीवर झोपून काढलेले आठवडे, मग नातेवाइकांकडची वर्षं. ते तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत. परत आल्यावर पंधराव्या वर्षी सिंगरमध्ये सुयांच्या खात्यात लागलात, ते मात्र अर्धा तास सांगितलंत. चार बाजूंनी दिसणारं ते प्रचंड घड्याळ, जे बाँबमधून वाचलं आणि १९६३ मध्ये पाडलं गेलं. १९८० मध्ये कारखाना कायमचा बंद झाला, तेव्हाची फाटकाबाहेरची शांतता. "बाँबनंतर आम्ही परत आलो होतो," तुम्ही म्हणालात, "या वेळी परत यायला काही उरलं नव्हतं." गोदीचंही तसंच. जिथे 'क्वीन मेरी' आणि 'क्यूई टू' ही मोठी प्रवासी जहाजं बांधली, तिथे आज टायटन क्रेन तेवढी उभी आहे, १९०७ ची.

टाउन हॉलजवळ पोलिश खलाशांचं स्मारक दाखवलंत. त्यांची 'पिओरून' ही युद्धनौका दुरुस्तीसाठी त्याच, जॉन ब्राउनच्या गोदीत होती आणि तिच्या तोफांनी विमानांवर मारा केला. पोलिश म्हटल्यावर मला राहवलं नाही. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार लोकांची, त्यांत बायका-मुलं जास्त. मी सांगत होते आणि तुम्ही माझा हात धरून ऐकत होतात. "म्हणजे त्यांना कुणीतरी जागा दिली," असं दोनदा म्हणालात.

शेवटी डॅलनॉटरची दफनभूमी. शवपेट्या कमी पडल्या म्हणून पांढऱ्या चादरींत गुंडाळलेल्या देहांची सामुदायिक कबर. तिथे तुम्ही काहीच बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. येताना थंडीत तुम्ही तुमचे हातमोजे मला घातलेत. त्यांचे आभार तेव्हा मानायचे राहिले, ते आता मानते.

आईने त्याच मशीनवर शिवून पाठवलेली कापडी पिशवी मी तुम्हाला दिली, तेव्हा तुम्ही ती आधी उलटी केलीत आणि खिडकीपाशी नेऊन टाके पाहिलेत. "छान आहे. पण वरचा दोरा ताणला जातोय, तिला सैल करायला सांग."

आजी, आईने टेन्शनचा स्क्रू अर्धा फेरा सैल केलाय. आता टाका दोन्हीकडून सारखा पडतो म्हणते. नवी पिशवी टपालाने निघाली आहे, आली की शनिवारी घेऊन येते.

तुमची,
कोल्हापूरची मुलगी