राजीनामा दिलाय, रागावू नका

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. पेपरमधली नोकरी सोडली. दादाला ठाऊक होतं, पण त्याच्यावर चिडू नका, मीच शपथ घातली होती.

आता केमिकल कारखान्यांवरच लिहिणार, स्वतंत्रपणे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात तपासणी अहवाल मागवायचे, तीस दिवस वाट बघायची, उत्तर नाही आलं तर अपील. रोज संध्याकाळी बातमी मागणाऱ्या डेस्कला हे कसं परवडणार? पैशांचं म्हणाल तर सहा महिन्यांचं भाडं बाजूला काढलंय, विम्याचा हप्ता भरलाय, डबा खालच्या काकूंचा. आई, पोळ्या मऊ असतात गं, खरंच.

बाबा, पत्रकार राजकुमार केसवानींचं नाव मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं. 1981च्या डिसेंबरात भोपाळच्या युनियन कार्बाइड प्लांटमध्ये फॉस्जीन या विषारी वायूने त्यांचा मित्र अश्रफ गेला. 1982मध्ये त्यांनी आपल्या छोट्याशा साप्ताहिकात लिहिलं, की शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. कोणी मनावर घेतलं नाही. पुढचं, 1984च्या वायुगळतीचं, तुम्ही सांगायचात आणि मध्येच गप्प व्हायचात.

तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलात की मी शर्टाला नाक लावून आज कुठली बॅच ते ओळखायचे. बरोबर आलं की लिमलेटची गोळी. त्याच कंपनीच्या पगारावर माझी शाळा, आजीचं ऑपरेशन, हे घर झालं, विसरले नाहीये. तुम्ही व्हॉल्व्ह फिरवलेत, नाल्यात काय सोडायचं ते ठरवणारे वेगळे होते. तरीही तुमच्या कंपनीवर कधीच लिहिणार नाही, असा शब्द नाही देता येत. वेळ आलीच, तर पेपरात वाचायच्या आधी माझ्याकडून कळेल.

आणि तो खोकला! 'धुळीचा आहे' पुरे झालं. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन फुंकायची टेस्ट करा, आणि कुठल्या सॉल्व्हंटमध्ये किती वर्षं काढलीत तेही सांगा, लपवू नका. आई, तू सोबत जा, नाहीतर हे अर्धंच सांगतील. रात्री एमआयडीसीकडून वास आला तर खिडक्या लाव, आणि वेळ कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेव. (हो, तुलाही कामाला लावलं.)

गणपतीला येतेय. बाबा, अबोला धरलात तरी डोंबिवली स्टेशनवर घ्यायला याल, ठाऊक आहे मला. स्कूटर नको, रिक्षाने या.

तुमची,
छकुली