डोक्याच्या दुखापतीवरच्या गॅसची चाचणी खान्देशातही व्हावी

संपादक साहेब, नमस्कार.

डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटला झेनॉन नावाचा गॅस श्वासातून देऊन मेंदू वाचवता येतो का यावर परदेशात काम चालू आहे, आपल्याकडे कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

माझा पुतण्या शिरपूरजवळ हायवेवर मोटरसायकलवरून पडला. पहिल्या दवाखान्यात तो वहिनीशी बोलत होता, मग धुळे, मग तिथून नाशिकला न्या, असं करता करता रात्र गेली आणि पोरगं बोलायचंच बंद झालं. आम्हाला वाटलं मार लागायचा तो लागून गेला. पण तसं नसतं, पहिल्या फटक्यात काही पेशी जातात आणि नंतरच्या तासांमधे सूज येते, ग्लुटामेट नावाचं रसायन उतू जातं आणि शेजारच्या धडधाकट पेशीही मरतात. हा दुसरा मारा झेनॉन कमी करतो असं लंडनच्या इंपीरियल कॉलेजला उंदरांवर दिसलं. भुलीसाठी हा गॅस आधीच वापरलेला आहे, त्यामुळे अगदीच अनोळखी नाही.

उद्याच आणून द्या असं मी म्हणत नाही. फिनलंडमधे हृदय बंद पडून वाचलेल्या ११० पेशंटवर चाचणी झाली, २०१६ मधे निकाल आला, एमआरआयमधे मेंदूची नासाडी कमी दिसली पण सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूंमधे ठोस फरक निघाला नाही. आणि स्टिरॉइडचं तर बघा, डोक्याच्या मारावर किती वर्षं डॉक्टर भरवशाने देत होते, २००४ मधे दहा हजार पेशंटच्या चाचणीत कळलं की त्याने मृत्यू वाढतात! चाचणी झाली नसती तर अजून देत बसलो असतो.

तर माझं म्हणणं एवढंच की माणसांवरच्या चाचण्या भारतात येतील तेव्हा फक्त मुंबई पुण्यात घेऊ नका. तिथे पेशंट लवकर पोचतो, आमचा तीन दवाखाने फिरून पोचतो, मग औषध आमच्या उशिराला पुरतं का हे कसं कळणार? धुळे, जळगावची सरकारी मेडिकल कॉलेजं त्यात घ्या. आणि संमतीचा कागद अहिराणीत समजावून सांगणारा माणूस ठेवा. वहिनी त्या रात्री सारखी विचारत होती, "काय व्हयनं डॉक्टर?" कोणी सांगितलं नाही, फक्त सही कुठे करायची ते दाखवलं.

आपला वाचक,
शिरपूर, जि. धुळे