पणजोबांच्या रिव्हॉल्व्हरची किंमत विचारलीस म्हणून

लष्कर, ग्वाल्हेर

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या दोन रिव्हॉल्व्हरचे किती येतील, असं तू परवा विचारलंस. दादाही तेच विचारतो आहे. फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते. घाईने विकून टाकू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. का ते खाली वाच.

बाबा गेल्यावर दोन्ही हत्यारं इथल्या गन हाउसमध्ये जमा केली, हे तुला ठाऊक आहेच. पावती कपाटातल्या लाल फाइलीत आहे. परवाना ज्याच्या नावावर होता तो माणूस गेला की विनाकारण उशीर न करता हत्यार जमा करावं लागतं, मग ते कितीही जुनं असो. शंभर वर्षं उलटली की परवाना लागत नाही, असं आपल्याकडे पुष्कळ जण छातीठोक सांगतात. ते चूक आहे. कायद्यातली सूट आहे ती जुन्या घडणीच्या किंवा मोडक्या हत्याराला, आणि तीही दुरुस्त करूनसुद्धा ते चालणार नसेल तरच. आपली दोन्ही चालू स्थितीत आहेत.

मागच्या आठवड्यात भिंग घेऊन मी तिथे जाऊन बसले. दुकानातल्या वयस्क गृहस्थांनी दोन्ही उघडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि फडक्यावर ठेवली. मोठं आहे ते पणजोबांचं. डाव्या बाजूची कडी अंगठ्याने दाबली की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि चक्रीची सहा घरं समोर येतात. घोड्याच्या खाली, सांगाड्याच्या डाव्या अंगावर अक्षरं आहेत: वेब्ली, मार्क सहा, पेटंट्स, आणि खाली १९१७. लहानपणी तुला हातही लावू देत नव्हते, म्हणून हे तू कधी वाचलं नसशील. वेब्ली ही इंग्लंडमधली कंपनी, आणि तिचं मार्क सहा हे मॉडेल ब्रिटिश फौजेने १९१५ मध्ये घेतलं. बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप, .४५५ इंच, नळी सहा इंची. साल पुसलं गेलं असतं तरी मुठीवरून ओळखता आलं असतं, कारण आधीच्या मार्कांची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी गोल वळलेली असे, हिची खाली चौकोनी आहे. तळाला दोरी ओवायची कडी आहे, घोडेस्वाराच्या हातून सुटलं तरी खाली पडू नये म्हणून.

आता जे सांगते ते नीट वाच. पणजोबांनी हे फौजेतून परत केलंच नाही, असं आपल्या घरात कुजबुजत बोललं जायचं. माझ्या सासूबाईंच्या माहेरचे तर लग्नकार्यातही टोमणा मारत. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे लोकांना ते खरंही वाटे. भिंगातून सांगाड्यावर बाणाची एक खूण दिसली. ती ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण. तिच्या शेजारीच दोन बाण टोकाला टोक लावून कोरले आहेत, लांबून चांदणीसारखे दिसतात. सरकारी माल रीतसर विकून टाकला की हा दुहेरी बाण मारत. म्हणजे हे हत्यार फौजेच्या यादीतून कायदेशीरपणे बाहेर पडलेलं आहे. कुणी लपवून आणलेलं नाही. मी त्या गृहस्थांना दोनदा भिंग धरायला लावलं, मग स्वतः पाहिलं. बाबा असते तर त्यांना हे दाखवायला मला फार आवडलं असतं.

लहान आहे ते आबांचं, बत्तीस बोअरचं, खिशात मावेल एवढं. त्याच्यावर साल नाही. अशा वेळी खुणांवरून हिशेब लावायचा. कंपनीचं नाव वेब्ली अँड स्कॉट असं आहे. ही दोन्ही घराणी एकत्र आली १८९७ मध्ये, त्याआधीच्या मालावर पी. वेब्ली अँड सन असतं. चक्रीवर मुकुटाखाली बी. पी., बी. व्ही. आणि एन. पी. अशा अक्षरांच्या जोड्या आहेत. बंदुका तपासून खूण मारणारं बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ पासूनचं, पण तिथल्या या खुणा १९०४ नंतरच्या, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यात त्या पुन्हा बदलल्या. एन. पी. म्हणजे धूर न करणाऱ्या दारूवर तपासलेलं. तेव्हा हे १९०४ ते साधारण १९५४ यांच्या मधलं. आबांच्या पहिल्या परवान्यावर १९३४ ची नोंद आहे, म्हणून शेवटची वीस वर्षंही गळून पडली.

नळीवर विकणाऱ्याचंही नाव आहे: आर. बी. रॉडा, कलकत्ता. बंगालच्या क्रांतिकारकांनी १९१४ च्या ऑगस्टमध्ये पन्नास माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं पळवली, ती याच रॉडा कंपनीची. आपल्या रिव्हॉल्व्हरचा त्या घटनेशी काही संबंध नाही, पण असं नाव अंगावर असलेलं हत्यार संग्राहक वेगळ्या नजरेने बघतो.

तुला आठवत असेल, शिंपल्याच्या मुठीचं एक तिसरंही होतं. ते सत्तावन्नच्या बंडातलं, अशी घरात ठाम समजूत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाची धरूनही, म्हणून २०२० मध्ये बाबांनी तेच जमा केलं. त्याच्या चक्रीवर लंबगोलात ई. एल. जी. आणि वर मुकुट होता. ही बेल्जियममधल्या लिएजची खूण, आणि मुकुट तिच्यावर चढला १८९३ मध्ये. सत्तावन्नचं ते असूच शकत नव्हतं. चकचकीत मूठ बघून आपण त्यालाच सर्वांत मोलाचं समजत होतो.

आता पैशाचं. जावईबापूंनी अमेरिकेतल्या लिलावाचे जे आकडे पाठवले ते इथे लागू होत नाहीत. शंभर वर्षांवरची पुरावस्तू १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पणजोबांचं वेब्ली त्यात बसतं. शिवाय .४५५ हा निषिद्ध बोअर. त्याचा परवाना कलेक्टर देत नाही, केंद्रीय गृह मंत्रालय देतं. म्हणून घेणारेच मोजके, आणि इतिहास जास्त असूनही बाजारभाव कमी. बत्तीस बोअर जिल्ह्याच्या परवान्यावर चालतो, आणि परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यामुळे चांगल्या विलायती बत्तीसला आपल्या चंबळ-ग्वाल्हेरात मागणी असतेच. एका दुकानदाराने मला दोन्हींचा मिळून एकच भाव सांगितला. जो माणूस खुणा न बघता भाव सांगतो, त्याला विकायचं नाही.

दादाला एक गोष्ट बजावून सांग. तो म्हणतो, निकेल चढवून घेऊ, नवं दिसेल. अजिबात नको. त्या निळसर-काळ्या झिलईतच अर्धी किंमत आहे. घासलं की अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि बाणाची ती खूण एकदा गेली की परत येत नाही. पितांबरी, चिंच, पॉलिश पेपर, काही लावायचं नाही. मऊ सुती कापड आणि हलकं तेल, बस. पणजोबांचं चामडी म्यान जपून ठेवायचं, पण हत्यार त्यात घालून ठेवायचं नाही. चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि आतून गंज चढतो. उजव्या अंगावर जे बारीक खड्डे आहेत ते त्यानेच पडलेत.

आणि लाल फाइल फेकू नका. दर निवडणुकीला बाबा ठाण्यात हत्यारं जमा करायचे, त्याच्या सगळ्या पावत्या तिच्यात आहेत. प्रत्येक पावतीवर तोच क्रमांक. चक्रीवरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो, आणि कागदावरचाही. एवढी अखंड साखळी फार थोड्या घरांत असते.

माझा विचार असा. बत्तीस तुझ्या नावावर व्हावं. नियमात वारस म्हणून मुलगी स्पष्ट धरली आहे. दादाचं आणि माझं ना-हरकत शपथपत्र लागेल, तुला हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. पणजोबांच्या वेब्लीसाठी मी माझ्या नावाने दिल्लीला अर्ज करते आहे. वेळ लागेल, तोवर ते गन हाउसमध्ये सुरक्षित आहे. दोन्हींवर तुमचं मन नाहीच बसलं तर वर्षभराने विकू, पण परवानाधारक माणसालाच, खुणांचे फोटो आणि कागदांच्या प्रती जोडून.

दिवाळीला येताना चांगला कॅमेरा आण. दुकानवाल्यांशी बोलून ठेवलं आहे, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बोलावलंय. पुण्याच्या पत्त्याचा पुरावा आणि चार फोटोही घेऊन ये.

तुझी,
आई