नकाशा कातड्यावर आधीच होता

मा. संपादक,

रविवार पुरवणीतला लुईस आणि क्लार्क या दोन कप्तानांनी अमेरिकेच्या पश्चिमेकडे नेलेल्या मोहिमेवरचा लेख आवडला. मात्र 'निर्मनुष्य, अज्ञात प्रदेश' हे शब्द त्यात तीनदा आले आणि तीनदा खटकले.

14 मे 1804 रोजी मिसुरी नदीतून वर निघालेल्या या तुकडीने पहिला हिवाळा मँडन आणि हिदात्सा या मूळ रहिवाशांच्या गावांशेजारी काढला. त्या गावांत तेव्हाच्या सेंट लुईस शहरापेक्षा जास्त माणसे राहत होती! पुढे नदी कशी वळते, डोंगर कुठे लागतात, हे क्लार्क त्यांनाच विचारून उतरवून घेई.

जून 1805 मध्ये नदीला दोन फाटे लागले. बहुतेक सोबत्यांचा कौल उत्तरेच्या फाट्याला, दोघा कप्तानांचा दक्षिणेच्या. खऱ्या मिसुरीवर मोठा धबधबा आहे, असे हिदात्सांनी सांगून ठेवले होते. 13 जूनला दक्षिणेच्या वाटेवर लुईसने तो गाठला आणि वाद मिटला. (धबधबे एकाऐवजी पाच निघाले आणि सामानासह ते ओलांडायला जवळपास महिना गेला, हे वेगळे.)

लेखात सकागाविया या तुकडीसोबतच्या शोशोनी स्त्रीला वाटाडी म्हटले आहे. तिचे मुख्य काम दुभाष्याचे. शोशोनी टोळीकडून घोडे मिळाले, त्या सौद्यात ती बोलली. टोळीचा प्रमुख तिचाच भाऊ निघाला. बिटररूट डोंगरातून वाट काढली ती तुकडीने 'टोबी' म्हटलेल्या एका शोशोनी म्हाताऱ्याने. पलीकडे उपाशीपोटी उतरलेल्यांना नेझ पर्स लोकांनी सामन मासे आणि कंद खाऊ घातले. त्यांच्या एका प्रमुखाने एल्क हरणाच्या पांढऱ्या कातड्यावर पुढच्या नद्या काढून दिल्या, शिवाय तुकडीचे घोडे सांभाळायला ठेवून घेतले. मग 'अज्ञात' कोणाला?

मोहीम 1806 मध्ये परतली. शिपायांना दुप्पट पगार आणि जमिनी मिळाल्या, सकागावियाच्या नवऱ्याला सुमारे 500 डॉलर. तिला काहीच नाही. क्लार्कचा गुलाम यॉर्क सगळ्या वाटेवर राबला, त्यालाही नाही. लेखात यॉर्कचे नावसुद्धा नाही, याचे मला जास्त वाईट वाटले.

पुढच्या भागात मोहिमेचा नकाशा छापणार असाल, तर दोन कप्तानांच्या रेषेबरोबर या चारही लोकांची गावे आणि मुलूख त्यावर दाखवावेत, ही विनंती.

एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा