तळटीप ही अनुवादाची पुरवणी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या धर्मग्रंथांच्या अनुवादांत तळटीपांची गर्दी वाचकाच्या वाटेत येते, असे मत आपल्या वाचकपत्रांत मांडले गेले. बहुतेक ग्रंथांपुरते ते मला मान्य आहे. परंतु ज्यू गूढविद्येचा मुख्य ग्रंथ ‘झोहार’ याच्या बाबतीत टीपा गाळणे म्हणजे ग्रंथ अर्धाच छापणे होय.

तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कास्तिल राज्यात प्रकट झालेला हा ग्रंथ परंपरेने दुसऱ्या शतकातील रब्बी (ज्यू धर्मगुरू) शिमोन बार योहाई यांचा मानला जातो. तो मुख्यतः तेराव्या शतकातील स्पेनमधील ज्यू लेखक मोशे दे लिओन यांनी रचला, असा निष्कर्ष ज्यू गूढविद्येचे विसाव्या शतकातील अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी भाषेच्या पुराव्यावरून काढला. आज अनेक अभ्यासकांना त्यामागे एकाहून अधिक लेखक दिसतात. त्याची अरामी भाषा बोलण्यातली नव्हे, ग्रंथांतून उचललेली आहे आणि त्यातले कित्येक शब्द लेखकाने स्वतः घडवलेले आहेत.

एकच उदाहरण देतो. हिब्रू बायबलचे पहिले तीन शब्द ‘बेरेशित (आरंभी) बारा (निर्माण केले) एलोहीम (देव)’ असे आहेत. ‘आरंभी देवाने निर्माण केले’ हा त्यांचा सरळ अर्थ. ‘झोहार’ हाच शब्दक्रम धरून ‘एलोहीम’ला कर्ता न मानता कर्म मानतो: आरंभाच्या योगे कुणीतरी एलोहीमला निर्माण केले, आणि तो ‘कुणीतरी’ इतका अज्ञेय की त्याचा उल्लेखही होत नाही. डॅनियल मॅट यांनी इंग्रजी अनुवादात कर्त्याच्या जागी केवळ रिकामी रेघ ठेवली. मराठीत रेघेचीही गरज नाही, कारण ‘आरंभाच्या योगे एलोहीमला निर्माण केले’ हे आपल्या व्याकरणात बसते. पण नेमक्या याच सोयीमुळे वाचक ते वाक्य सहज ओलांडून जाईल, आणि इथे कर्ता मुद्दाम लपवला आहे हे त्याला टीपेवाचून कळणार नाही.

दुसरी अडचण शब्दांची. निर्मितीच्या आरंभीच्या ठिणगीला ‘बोत्सिना दे-कर्दिनूता’ म्हटले आहे. त्याचा अर्थ सामान्यतः ‘अंधाराचा दिवा’ असा करतात; पण ‘कर्दिनूता’ हा शब्द तालमुदातील (ज्यू धर्मशास्त्राच्या प्राचीन संग्रहातील) कुर्दिस्तानच्या कठीण गव्हाची आठवण देतो, म्हणून त्यात काठिण्याचीही छटा आहे. अनुवादकाला यांतला एकच शब्द घ्यावा लागतो आणि दुसरा राखून ठेवायला टीपेखेरीज जागा नसते.

१९३१ ते १९३४ दरम्यान निघालेल्या सोन्सिनो प्रकाशनाच्या इंग्रजी अनुवादात दुर्बोध वाटलेले भाग गाळले गेले. याउलट २००४ ते २०१७ या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेल्या बारा खंडांत (पहिले नऊ मॅट यांचे, उरलेले तीन नेथन वोल्स्की व जोएल हेकर यांचे) भाष्य त्याच पानावर, मजकुराच्या खाली आहे. ही मांडणी मला फार मोलाची वाटते, कारण वाचक मजकूर सोडून ग्रंथाच्या शेवटी धावत नाही.

मात्र भाष्यकारानेही आपली मर्यादा पाळली पाहिजे. प्रत्येक प्रतिमेखाली दहा सेफिरांपैकी (या गूढविद्येत मानलेल्या ईश्वरी शक्तींपैकी) एकीचे नाव लिहून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. नदी म्हणजे अमुक, राणी म्हणजे तमुक, असे ठरवून टाकले की मूळचे काव्य तिथेच संपते. मराठीत कुणी या ग्रंथाचे एखादे प्रकरण जरी हाती घेतले, तरी प्रकाशकाने पानाचा खालचा भाग टीपांसाठी राखावा आणि अनुवादकाने तिथे दोन अर्थ शक्य असतील तर दोन्ही द्यावेत, एवढीच माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक